प्रवासाच्या दिवशी गोळी नाही

मी ट्रकांचे मार्ग आखते. नोकरीच ती आहे. रॉटरडॅमच्या बंदरावरून निघालेला माल पोलंडला किंवा स्पेनला कसा, किती तासांत, कुठे कुठे थांबून पोचेल हे ठरवायचं. युरोपातला नियम असा आहे की साडेचार तास गाडी चालवली की चालकाने पाऊण तास थांबायचंच. थकवा आलेला असो वा नसो. "बाबा रे, थांबायचंय का?" असं त्याला कुणी विचारत बसत नाही. विचारलं तर तो "नको, जाऊ पुढे" म्हणणार, हे नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

माझ्या सासूबाईंसाठी असा नियम कुणी केलेला नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यातल्या आमच्या सहलीची आठवण निघाली की नवरा हसत हसत पाणबुडीची गोष्ट सांगतो आणि माझं डोकं आजही तापतं.

सासूबाई कऱ्हाडच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. आयुष्यभर फळ्यावर सहारा, थर, कलहारी काढून दाखवली, पण वाळवंट प्रत्यक्ष एकही पाहिलं नाही. सासऱ्यांबरोबर जैसलमेरला जायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहिलं. नंतर सासरेच गेले. त्या आमच्याकडे हॉलंडला, फोरबर्गच्या घरी तीन महिन्यांसाठी आल्या, तेव्हा माझ्या नवऱ्याने विचारलं, "आई, काय बघायचंय? पॅरिस? स्वित्झर्लंड?" त्या म्हणाल्या, "इथे वाळवंट आहे म्हणे. ते दाखव."

त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आहेच तसं. देशाच्या मध्यावर, वेलुवेच्या जंगलांच्या आत, उघड्या वाळूचे मोठाले पट्टे आहेत. डच लोक कौतुकाने त्याला आपलं वाळवंट म्हणतात. आमच्या घरापासून सव्वा-दीड तास. सकाळी निघून, बघून, संध्याकाळी भात टाकायला घरी येता आलं असतं.

पण माझ्या नवऱ्याला सरळ रस्ता आवडत नाही. त्याला रस्त्याकडेची नवलं बघायचा छंद आहे. कुणी शेतात काय उभं केलंय, कुणाच्या अंगणात काय आहे, हे तो फोनमधल्या नकाशावर खुणा करून ठेवतो. एका दिवसाच्या कामाची त्याने तीन दिवसांची सहल केली. सतरा ठिकाणं. मी नकाशा पाहिला आणि सवयीने एकच प्रश्न विचारला, "यात थांबे कुठे आहेत?"

"अगं, सतराच्या सतरा थांबेच आहेत."

"तसले थांबे नव्हे. आईंना जायचं झालं तर?"

"हॉलंड आहे हे. सगळीकडे असतं."

सगळीकडे नसतं. हे त्याला माहीत नाही, कारण तो पुरुष आहे. या देशात पुरुषांसाठी चौकाचौकात मुतारीचे लोखंडी आडोसे उभे आहेत, फुकट, चोवीस तास. बाईने एखाद्या कॅफेत शिरायचं, नको असलेली कॉफी मागायची, मग नाणं टाकून जिना उतरायचा. तोही कॅफे उघडा असेल तर. सासूबाईंच्या गुडघ्यांना डच जिने झेपत नाहीत आणि झाडाआड बसणंही जमत नाही. मी हे सगळं बोलले. त्यावर नवरा म्हणाला, "आई सांगेल ना, थांबायचं असेल तर."

सासूबाई शेजारीच मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "मला काही लागत नाही गं. तुम्ही माझा विचार करू नका."

निघालो शुक्रवारी सकाळी. पुढे नवरा आणि सासूबाई, मागे मी आणि आमची पंधरा वर्षांची मुलगी. सासूबाईंना सकाळी दोन कप चहा लागतो, दुसरा जरा जास्त आल्याचा. त्या दिवशी त्यांनी अर्धा कप घेतला आणि तोही खाली ठेवला. मी म्हटलं, "आई, चहा?" तर "पोटभर झाला" म्हणाल्या. अर्ध्या कपात कुणाचं पोट भरतं?

पहिलं नवल म्हणजे पाणबुडी. एका शेतकऱ्याने तेलाच्या जुन्या टाक्या जोडून, पिवळा रंग देऊन ती गवतात उभी केलेली. बाजूला गायी.

"पाणी कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

"हीच तर गंमत आहे, आई!"

"कसली गंमत? गाय अशी उभी केली असती समुद्रात, तर तू हसला असतास का?"

"हसलो असतो."

"हो. तू हसला असतास," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. फोटो काढताना मात्र पदर नीट करून पाणबुडीच्या शेपटीला हात लावून उभ्या राहिल्या. त्या हौशी आहेत. त्या बिचाऱ्या होत्या असं कुणाला वाटायला नको, म्हणून सांगते. गंमत सगळी त्यांना हवीच होती, फक्त आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको होता.

दुसरं ठिकाण एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात. तिथे त्याने जगभरच्या कपड्यांच्या इस्त्र्या मांडून ठेवल्या होत्या. कोळशाच्या, पितळी, बाहुलीच्या झग्यापुरत्या एवढ्याशा. सासूबाईंनी कोळशाची इस्त्री उचलून निखारे कसे फुंकायचे ते खुणांनी करून दाखवलं. म्हातारा खूश. त्याने आपणहून विचारलं, "बाईंना आत जायचं असेल तर घरात सोय आहे." मी भाषांतर केलं.

"नाही नाही," सासूबाई म्हणाल्या. "परक्याच्या घरी कसलं?"

"आई, तो स्वतः म्हणतोय."

"मला नाहीच जायचंय गं."

दुपारी एका गावच्या चौकात होडीएवढा लाकडी बूट. मुलगी आणि नवरा त्यात बसून आले. परतताना नवरा चौकातल्या लोखंडी आडोशात शिरला आणि मिनिटभरात पँट झटकत, ताजातवाना बाहेर. मुलगी त्याला म्हणाली, "बाबा, दॅट्स सो अनफेअर. आम्ही कुठे जायचं?"

"निसर्गाची रचना, बेटा. तक्रार तिकडे कर."

त्याला वाटलं, विनोद केला. आडोसा निसर्गाने बांधला नव्हता, खेमेन्टेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बांधला होता. आराखड्याच्या बैठकीला एकही बाई नसणार. मी तिथल्या तिथे त्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, "सुटीवर आलोय. बैठका कशाला घेतेस?"

मी त्या दोघींना घेऊन समोरच्या कॅफेत गेले. आत शौचालयाचं दार जिन्याखाली, पंधरा पायऱ्या उतरून, कठड्याला दोर बांधलेला. मुलगी आणि मी आळीपाळीने जाऊन आलो. सासूबाई वरच बसल्या. त्यांच्यासमोर पाण्याचा पेला होता, तो त्यांनी आमच्याकडे सरकवला.

संध्याकाळी भाड्याने घेतलेल्या सुटीच्या बंगल्यावर पोचलो. सासूबाईंनी बूट काढले, तर घोट्यांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल गेलेला. पाय सुजून गुळगुळीत झालेले.

"बसून बसून," नवरा म्हणाला.

"बसून बसून," सासूबाईही म्हणाल्या.

मलाही पटलं. लांब बसलं की माझेही पाय सुजतात.

सकाळी नाश्त्याला मुलगी टोस्टवर लोणी लावता लावता म्हणाली, "आजी झोपलीच नाही. ती उशांना टेकून बसली होती. आडवी झाली की खोकते." दोघी एकाच खोलीत होत्या.

"जागा बदलली की मला होतं तसं," सासूबाई म्हणाल्या आणि विषय बदलला. "आज वाळवंट ना?"

त्या दिवशी ऊन कडक होतं. वाळूच्या अलीकडे, गाड्या लावायच्या जागेपाशी एक पॅनकेकचं हॉटेल आहे. त्याच्या दारात कुणीतरी सिमेंटचा उंट उभा केलाय, नवऱ्याच्या यादीतला. उंटाच्या पाठीवर मुलं चढत होती. हॉटेल उघडायला तास होता. शौचालयाचं दार बाहेरून दिसत होतं, कुलूपबंद.

तिथून वाळूपर्यंत पायवाट सव्वा किलोमीटर. पाइनच्या झाडांतून, आणि मग एकदम झाडं संपतात. समोर पिवळी, पांढरी वाळू लांबवर चढत-उतरत गेलेली, मधेच एखादं वाकडं झाड, आणि वर एवढं मोठं आभाळ. इतकी वर्षं या देशात राहते, तरी मीही चालायचं सोडून बघू लागले.

सासूबाई वाकल्या, मूठभर वाळू घेतली, बोटांतून सोडली.

"हे वाळवंट नव्हे," त्या म्हणाल्या.

"आई!" नवरा कळवळला. "दोन दिवस फिरून आणलं तुला."

"वर्षाला पंचवीस सेंटिमीटरपेक्षा कमी पाऊस पाहिजे. तुमच्याकडे त्याच्या तिपटीहून जास्त पडतो. ही माणसांनी केलेली वाळू आहे. मेंढ्या चारल्या, गवताची ढेपळं खणून शेतात नेली, झाडं तोडली. खालची वाळू उघडी पडली. मग लागली उडायला. गावांवर गेली." आवाज वर्गातला झाला होता. "पण छान आहे हो. कण बघ किती बारीक आहे. त्या तिकडच्या टेकाडाची वाऱ्याकडची बाजू बघ, उतार कमी. पलीकडे एकदम कडा असणार. मला ती पलीकडची बाजू बघायचीय."

टेकाड तीनशे मीटरवर असेल. पन्नासेक पावलं चालल्या आणि थांबल्या. पुन्हा थोडं. पुन्हा थांबल्या. वाळूत पाय रुततो, दम लागतो, ते कुणालाही. पण त्या बोलेनात. बोलणाऱ्या बाई बोलेनाशा झाल्या की मला धडकी भरते. ओठ फिके, कपाळावर घाम.

"वय झालंय, आणि उकाडा," नवरा म्हणाला. "तू बस तिच्याजवळ. आम्ही वरून फोटो काढून आणतो, तिला फोटोत दाखवू." आणि मुलीला घेऊन तो खरोखरच टेकाडाकडे चालू लागला.

एका पडलेल्या खोडावर आम्ही दोघी बसलो. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी एक घोट घेतला, तोही मला बरं वाटावं म्हणून.

"आई, सकाळच्या गोळ्या घेतल्यात ना?"

"घेतल्या."

"सगळ्या?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग अगदी सहज म्हणाल्या, "ती एक सोडून. लघवीची."

त्यांच्या हृदयाचा जोर कमी पडतो. अंगात पाणी साठू नये म्हणून डॉक्टरांनी ती गोळी दिलेली आहे. रोज सकाळी एक. घेतली की तीन-चार तास सारखं जावं लागतं.

"का सोडली?"

"अगं, प्रवासाच्या दिवशी मी ती घेत नाही. कधीच नाही."

"आज किती दिवस झाले?"

"गुरुवारपासून. निघायच्या आदल्या दिवशीपासून सोडलेली बरी. त्याच्या आधी तुम्ही डेल्फ्टला नेलंत त्या दिवशी नाही घेतली. नायमेखनला गेलो ते दोन दिवस नाही. विमानाचे दोन दिवस तर नाहीच."

आम्ही त्यांना प्रत्येक शनिवार-रविवार कुठे ना कुठे नेत होतो. हौसेने. आम्ही जितकं फिरवत होतो तितक्या त्या गोळ्या सोडत होत्या आणि पुन्हा हसत गाडीत बसत होत्या. मला एवढा राग आला की मी उठून उभी राहिले. कुणावर ते कळेना. त्यांच्यावर ओरडावं तर समोर धापा टाकणारी त्र्याहत्तर वर्षांची बाई.

"आई, अहो, त्या गोळीशिवाय तुमच्या छातीत पाणी भरतं."

"दोन-चार दिवसांनी काय होतंय? वीस वर्षं काही झालं नाही."

"वीस वर्षं?"

मग त्यांनी सांगितलं. शाळेत शिक्षिकांना एकच संडास, मैदानाच्या टोकाला, आणि तो कुलपात. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर. ती मागायची म्हणजे चार पुरुष शिक्षकांच्या देखत जाऊन उभं राहायचं. सकाळी सातला घरून निघायच्या, दुपारी एकला घरी. पाणीच प्यायच्या नाहीत. "सवय होते गं. बाईच्या जातीला होतेच." पुढे गोळी सुरू झाली तेव्हा निवृत्तीला पाच वर्षं होती. शाळेच्या दिवशी संध्याकाळी घ्यायच्या, नाहीतर सोडायच्या. एसटीने माहेरी जाताना नाही. लग्नकार्याला नाही. लोकांना थांबवायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, त्यापेक्षा हे सोपं.

मला हे नवं नव्हतं, हेच वाईट. लहानपणी एसटी निघायच्या आधी माझी आईही मला सांगायची, आत्ता जाऊन ये आणि आता पाणी पिऊ नकोस. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा.

मी नवऱ्याला फोन केला. तो टेकाडावर होता, मला दिसत होता, हात हलवत होता.

"खाली ये. आत्ताच्या आत्ता."

"दोन मिनिटं, पलीकडची बाजू एकदम—"

"खाली ये!"

आल्यावर मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. आईवर त्याचं प्रेम आहे, ते मी कधी नाकारलं नाही. पण त्याने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हेच:

"आई, सांगायचंस ना! मी थांबलो असतो."

हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. सांगायचं ना. म्हणजे चूक कुणाची? न सांगणारीची. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच बोलल्या. धाप लागलेली, एकेक शब्द सुटा.

"कुणाला सांगायचं? तुला? सतरा ठिकाणं काढलीस. एवढा मोठा बूट शोधलास. इस्त्र्या शोधल्यास. पाणबुडी शोधलीस. मला जायला जागा शोधलीस का एक? वेळेवर थांबलास का एकदा न सांगता? स्वतःला जायचं होतं तेव्हा बरं थांबलास. चौकात."

मुलगी आजीजवळ बसली आणि तिची पाठ चोळू लागली.

"आणि तू फोटोत दाखवणार होतास मला वाळवंट," सासूबाई म्हणाल्या. "फोटोतलं मी पस्तीस वर्षं शिकवलं."

त्यांना गाडीपर्यंत चालवायचं नव्हतं. नवरा पळत जाऊन एव्हाना उघडलेल्या हॉटेलमधून चाकाची खुर्ची घेऊन आला, वाळूतून ती चालेना, मग सासूबाईंना तीत बसवून त्याने आणि मी ती दोन बाजूंनी उचलून पायवाटेपर्यंत आणली. मी शनिवार-रविवारच्या डॉक्टरांच्या केंद्राला फोन लावला. फोनवरच्या बाईने श्वासाबद्दल, ओठांबद्दल, छातीत दुखतंय का याबद्दल विचारलं आणि लगेच यायला सांगितलं. बावीस मिनिटांचा रस्ता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. सासूबाईंची साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन तिने नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच. छाती ऐकली, बोटाला यंत्र लावलं, नाडी मोजली. मग विचारलं, "गोळी का बंद केली?"

मी सांगू शकले असते. माझं डच नवऱ्यापेक्षा बरं आहे. मी त्याला म्हटलं, "तू सांग."

तो अडखळला. "आई... आम्ही सहलीला... गाडी थांबवायला लागू नये म्हणून."

"शौचालयं नव्हती?"

"होती. म्हणजे... थोडी."

"पण तुम्ही थांबू शकला असता." तिच्या बोलण्यात दोषारोप नव्हता. ती फक्त खात्री करून घेत होती.

"हो," नवरा म्हणाला.

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणतेय, मी थांबू शकलो असतो."

"शहाणी आहे," सासूबाई म्हणाल्या.

रुग्णालयात ठेवावं लागलं नाही. तिने सुई दिली, दीड तास बसवून ठेवलं, पुन्हा तपासलं. सांगितलं, आजच घरी जा, बाईंना चालायला लावू नका, सोमवारी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, रोज सकाळी वजन बघा. एका दिवसात किलोभर वाढलं तरी फोन करा. मग म्हणाली की या सुईनंतर बाईंना आज वारंवार जावं लागेल. तेच अपेक्षित आहे. रोखायचं नाही. त्या दीड तासात सासूबाई चारदा जाऊन आल्या. चौथ्या वेळी त्यांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू येत होता.

बंगल्यातून सामान भरलं आणि परत निघालो. उरलेली नवलं राहिली. त्यांतलं उलटं घर मुलीला बघायचं होतं, पण ती आजीची बॅग घेऊन गाडीत बसली. नवरा म्हणाला, "मार्ग तू सांग." मी म्हटलं, "तूच काढ. या वेळी नीट काढ." मी त्याला मदत करणार नव्हते. माझा राग शमला नव्हता आणि शमावा असं मला वाटतही नव्हतं. सासूबाई सुधारत होत्या म्हणून मी रागवायचं थांबवावं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं, त्यामुळे तो अजून वाढत होता.

त्याने महामार्गावरचे पेट्रोलपंप बघून ठेवले. पहिला थांबा ठीक झाला. दुसऱ्या पंपाआधीच सासूबाई म्हणाल्या, "थांब."

"आई, पुढे अकरा किलोमीटरवर पंप आहे. सात-आठ मिनिटं."

"आत्ता थांब."

इतक्या वर्षांत त्यांना या आवाजात बोलताना मी ऐकलं नव्हतं. मुलगी मागे ताठ बसली. नवऱ्याने पहिला मिळाला तो फाटा घेतला. खाली कारखान्यांची वसाहत, शनिवारची, सगळी दारं बंद. फक्त एक गालिच्यांचं दुकान उघडं होतं, लांबलचक काचेचं, आत एकटा माणूस कागदपत्रं आवरत होता.

गाडी थांबली. नवरा माझ्याकडे बघू लागला, आरशातून. दुकानात जाऊन असलं काही विचारायचं काम या घरात नेहमी माझं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"जा," सासूबाई त्याला म्हणाल्या. "विचार. माझ्या आईला लघवीला जायचंय म्हण. तसंच म्हण, त्यांच्या भाषेत. कॉफीबिफी मागू नकोस."

"गालिच्याचं दुकान आहे, आई. तो काय म्हणेल?"

"ते तू बघ."

तो उतरला. काचेतून दिसत होतं. दारातच घुटमळला, मग आत गेला, काहीतरी बोलला, हात गाडीकडे केला. दुकानदार गाडीकडे वाकून बघत होता. नवरा पुन्हा बोलला, या वेळी मोठ्याने असावं, कारण माणसाने मान डोलावली आणि आतल्या बाजूला बोट केलं.

सासूबाईंनी तोवर पट्टा सोडून दार उघडलं होतं. एक पाय जमिनीवर ठेवून मला म्हणाल्या, "बाटली भरून घे गं तिथे. सकाळपासून घसा कोरडा पडलाय."